आधी भीमा खोऱ्याचा हिशेब मांडा



भीमा नदीवरील उजनी धरणाचे पाणी हिरवे पडले की पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या सांडपाण्याकडे बोट दाखवले जाते, आणि ते योग्यच आहे. पण उपाय म्हटला की आपल्याला फक्त शुद्धीकरण केंद्रांची क्षमता सुचते. पुण्यातील मुळा-मुठा नद्यांसाठी २०१६ साली मंजूर झालेल्या, जपानच्या कर्जावरील योजनेत ११ केंद्रे आहेत, क्षमता रोज ३९६ दशलक्ष लिटर. ती हवीतच. मात्र धरणात शेवाळ पोसले जाते ते प्रामुख्याने फॉस्फरसवर, आणि साध्या जैविक प्रक्रियेत तो बराचसा पाण्यातच राहतो. शुद्ध केलेल्या दहा कोटी लिटर पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम उरला, तरी रोज १०० किलो फॉस्फरस नदीत जातो. त्यात उसाच्या शेतांतून वाहून येणारे खत आणि धरणाच्या तळाशी साचलेला गाळ यांची भर पडते. कोणाचा वाटा किती, हे कळल्याशिवाय पुढचा पैसा कुठे घालायचा हे कसे ठरवणार?

हा हिशेब मांडणारी संगणकीय साधने, म्हणजेच प्रारूपे, उपलब्ध आहेत. अमेरिकी कृषी खात्याच्या पुढाकाराने तयार झालेले ‘स्वॅट’ फुकट मिळते. उतार, माती, पीक, खत, पाऊस यांवरून कोणत्या ओढ्याच्या पाणलोटातून किती फॉस्फरस येईल आणि अमुक उपायाने तो किती घटेल, याचा अंदाज ते देते.

आपल्याकडे पुरेशी माहितीच नाही, हा आक्षेप अर्धा खरा आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ साधारण महिन्यातून एकदा नमुना घेते. जूनच्या पहिल्या लोंढ्याबरोबर शेतातली माती धरणात उतरते, तो दिवस त्यात सापडेलच असे नाही. प्रवाहाची मोजणी जलसंपदा खात्याकडे असते. प्रदूषणाचा भार काढायला हे दोन्ही आकडे एकाच ठिकाणचे आणि एकाच दिवसाचे लागतात. म्हणजे नमुने कुठे आणि कधी घ्यायचे, हे ठरवण्यासाठीही प्रारूप आधी हवे.

प्रारूपे चुकतात, हेही मान्य. अमेरिकेतील चेसापीक उपसागराच्या खोऱ्यात २०१० साली सहा राज्ये आणि राजधानीला प्रदूषणाच्या मर्यादा वाटून दिल्या, त्या अशाच प्रारूपाच्या आधारे. २०२५ची उद्दिष्टे पूर्ण झाली नाहीत. पण आकडे जाहीर असल्याने मोठी तूट पेनसिल्व्हेनियातील शेतीत आहे, हे तिथल्या नागरिकांना ठाऊक आहे. आपल्याकडे अपयश कोणाच्या नावावर मांडायचे, हेसुद्धा सांगता येत नाही.

म्हणून पुढची निविदा काढण्यापूर्वी शासनाने भीमा खोऱ्याचे प्रारूप, त्यातील गृहीतकांसह, सर्वांसाठी खुले करावे. उजनीचे पाणी पिणाऱ्या सोलापूरकरांचा तो हक्क आहे.

– एक वाचक