दहा दिवसांची पलटण

सिंगापूरच्या पाडावावर आजवर विपुल लेखन झाले आहे. त्यात ब्रिटिशांच्या १८ व्या डिव्हिजनच्या टेहळणी पलटणीच्या वाट्याला एखादे वाक्य आले तरी पुष्कळ. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला मात्र त्या एका वाक्यापाशी थबकावेसे वाटते.

पुढे जाऊन शत्रूचा माग काढण्याचे जुन्या घोडदळाचे काम आता चिलखती गाड्यांनी करावे, या हेतूने ब्रिटनने जानेवारी १९४१ मध्ये स्वतंत्र टेहळणी दल उभारले. लॉयल रेजिमेंटची पाचवी पलटण त्याच वर्षी या दलात आली. वाहने, बिनतारी यंत्रे आणि ती सफाईने हाताळणारी माणसे, हेच अशा पलटणीचे भांडवल. डिव्हिजन निघाली होती मध्यपूर्वेसाठी. डिसेंबरात जपान युद्धात उतरला आणि तिचा मार्ग बदलला. तिचा मोठा भाग मुंबईस उतरून जानेवारी १९४२ मध्ये अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत सराव करीत होता. मलायाच्या जंगलाची तयारी नगरच्या माळावर!

३१ जानेवारीस मलायाची मुख्य भूमी सोडून सैन्य सिंगापूर बेटावर परतले. तरीही ५ फेब्रुवारीस ‘एम्प्रेस ऑफ एशिया’ ही कोळशावर चालणारी जुनी बोट या पलटणीला घेऊन बंदराजवळ आली. जपानी विमानांच्या बॉम्बांनी ती पेटली. ऑस्ट्रेलियाच्या ‘यारा’ युद्धनौकेने अठराशेहून अधिक जीव वाचविले. सामग्री मात्र गेली. टेहळणीसाठी घडविलेली माणसे पायदळ म्हणून उभी करण्यात आली आणि १५ फेब्रुवारीस सिंगापूर शरण गेले.

याला दैवदुर्विलास म्हणणे सोयीचे आहे, पण मला ते पटत नाही. ही कुमक ब्रह्मदेशाकडे वळवावी काय, हा प्रश्न २१ जानेवारीस खुद्द चर्चिल यांनीच सेनाप्रमुखांपुढे ठेवला होता. सिंगापूर सोडणे हा अक्षम्य विश्वासघात ठरेल, असे ऑस्ट्रेलियाने बजावले व तो विचार मागे पडला. ऑस्ट्रेलियाची भीती खोटी नव्हती, हे मान्य. परंतु दिलेल्या शब्दाची किंमत कोणी आणि किती मोजायची, याचा हिशेब मांडण्याची तसदी कोणी घेतली नाही. ती किंमत पुढे सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर राबलेल्या युद्धकैद्यांनी मोजली.

जून १९४२ मध्ये या दलातील पलटणींना ‘रेजिमेंट’ हे नाव देण्यात आले. सिंगापुरात शरण गेलेल्या या सैनिकांच्या कैदेला तेव्हा चार महिने होत आले होते.