नाक दाबलं की तोंड उघडतं



घोरणं हा एकच आजार असा असेल, की ज्याला तो आहे तो गाढ झोपेत आणि शेजारचा मात्र जागा! आमच्या ह्यांचं घोरणं लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माझ्या ओळखीचं. त्याची सवय झाली होती. सवय झाली नाही ती मधल्या शांततेची. घोरणं चढत चढत जायचं, एकाएकी थांबायचं आणि खोलीत काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. मी अंधारात आकडे मोजत पडायची. पंधरा, वीस, पंचवीस... मग मोठा आचका देऊन श्वास परत यायचा. सकाळी हे म्हणणार, "झोप छान लागली गं, पण अंग का जड आहे कोण जाणे!"

माझे सासरे साताऱ्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी झोपेतच गेले. तेही असेच घोरायचे. "पुण्यवान माणूस, झोपेत सुटला," असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले. त्यात घोरण्याचा वाटा किती, हा हिशेब आता लागायचा नाही. पण ह्यांना सत्तावन्न पूर्ण झाली त्या वर्षी मी आकडे मोजणं पुरे केलं आणि ह्यांना धरून फॅमिली डॉक्टरांकडे नेलं.

स्लीप क्लिनिकमध्ये एक रात्र डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून झोपवलं. रिपोर्ट आला : तासाला सरासरी ३४ वेळा श्वास अडतो. श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा फारच मंदावला, की तो एक धरतात. तासाला ५ च्या आत असेल तर ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट मिटते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू धडपडून माणसाला अर्धवट जागं करतो. रात्रभर हाच खेळ. मग दिवसा पेंग, रक्तदाब चढा आणि ४०१ वर गाडी चालवताना डोळा लागायची भीती. जाड माणसांनाच हे होतं असं समजू नका. आमचे हे चांगले सडपातळ आहेत.

यावर उपाय म्हणजे सीपॅप. उशाशी छोटं यंत्र, त्याला नळी, नळीला मास्क. यंत्र दाबाखाली हवा सोडत राहतं आणि त्या हवेचा टेकू लागून घसा उघडा राहतो. याचं मूळ आपल्या टोरोंटोपर्यंत येतं. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॉलिन सलिव्हन हे ऑस्ट्रेलियन डॉक्टर टोरोंटो विद्यापीठात डॉ. एलियट फिलिप्सन यांच्याबरोबर झोपलेल्या कुत्र्यांच्या श्वासोच्छ्वासाचा अभ्यास करत होते. कुत्र्यांना बसवायचे ते मास्क त्यांच्या डोक्यात राहिले. सिडनीला परतल्यावर जून १९८० मध्ये त्यांनी पहिल्या रोग्यावर हा प्रयोग केला आणि १९८१ साली 'लॅन्सेट'मध्ये पाच रोग्यांचा अहवाल छापला. तोवर गंभीर रोग्याला घशाला भोक पाडणं हाच खात्रीचा इलाज होता. सलिव्हननी हवा सोडली ती नाकातून. म्हणजे या उपचाराचा दरवाजा पहिल्यापासून नाक हाच. आणि दरवाजाच बंद असेल तर?

आमच्याकडे तेच झालं. डिसेंबरात यंत्र आलं. पहिले दोन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात निवांत! मग जानेवारी आला. ह्यांचं नाक रात्री गच्च भरायला लागलं. तोंडाला कोरड, नाकात खपल्या, पहाटे तीनला मास्क जमिनीवर. फेब्रुवारीत यंत्र कपाटात गेलं, भारतात जायच्या सुटकेसांच्या मागे. "मला नको ते. जीव गुदमरतो माझा," असं हे म्हणाले. आणि मी पुन्हा अंधारात आकडे मोजायला लागले.

पुढे एका रेस्पिरेटरी थेरपिस्ट बाईंशी गाठ पडली तेव्हा कळलं, की यंत्र चांगलं होतं आणि नाकही चांगलं होतं. दोघांचं जमवून द्यायला मध्यस्थ तेवढा नव्हता. त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगते.

नाकात दोन्ही बाजूंना मांसल घड्या असतात. बाहेरची थंड, कोरडी हवा ऊबदार आणि ओलसर करून आत पाठवणं हे त्यांचं काम. श्वास सोडताना त्यातली थोडी ऊब आणि ओल नाक परत मिळवतं, म्हणून त्याचा जमाखर्च जुळतो. आता आपल्या कॅनडातली रात्र बघा. बाहेर उणे वीस, आत फर्नेस. तापवलेली हवा पापडासारखी कोरडी. यंत्र तीच हवा रात्रभर जोराने नाकात सोडणार. त्यात झोपेत तोंड उघडं पडलं, तर हवा नाकातून आत आणि तोंडातून बाहेर, असा एकेरी रस्ता होतो. नाकाचा नुसता खर्च, जमा काहीच नाही. मग त्या घड्या रक्ताने फुगतात आणि नाक चोंदतं. नाक चोंदलं की तोंड आणखी उघडतं. १९९६ साली सिडनीच्याच संशोधकांनी हे मोजून दाखवलं, आणि हवा गरम व ओलसर करून दिली तर हा त्रास बराचसा टळतो हेही दाखवलं. आपली म्हण आहे, नाक दाबलं की तोंड उघडतं. इथे उलटंही खरं : तोंड उघडलं की नाक दाबलं जातं!

एक नाकपुडी बंद आणि काही तासांनी दुसरी, असं मात्र सगळ्यांचंच होतं. जुनी माणसं त्याला चंद्रस्वर, सूर्यस्वर म्हणायची. त्याला घाबरायचं कारण नाही.

आता उपाय. आम्ही केले त्या क्रमाने देते.

पहिला, यंत्रातलं पाणी. बहुतेक यंत्रांना गरम पाण्याची टाकी असते, पण तिचा आकडा कोणी वाढवत नाही. आमचा सगळ्यात खालच्या आकड्यावर होता. रोज एकेक वाढवत न्या. नळीत पाणी जमून गुडगुड व्हायला लागली तर नळीवर कापडी खोळ चढवा, किंवा आतून तापणारी नळी घ्या. यंत्र पलंगापेक्षा खालच्या पातळीवर ठेवा, म्हणजे पाणी तोंडावर येत नाही. टाकीत डिस्टिल्ड पाणी घालावं आणि सकाळी उरलेलं ओतून द्यावं. त्यात व्हिक्स, निलगिरीचं तेल असलं काही घालू नका. ते थेट फुफ्फुसात जातं. वाटलं तर झोपण्यापूर्वी ओव्याची पुरचुंडी हुंगा. घरातली आर्द्रता ३० ते ५० टक्के असावी. कडक थंडीत खिडक्यांना घाम फुटू लागला तर ३० च्या आसपास ठेवा.

दुसरा, नाक धुणं. म्हणजे आपली जलनेती. डॉक्टरही हल्ली मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगतात. प्रमाण लिटरला ९ ग्रॅम मीठ, म्हणजे कपाला साधारण २ ग्रॅम. इथलं टेबल सॉल्ट आयोडीनयुक्त असतं, त्याऐवजी लोणच्यासाठी मिळणारं पिकलिंग सॉल्ट घ्या. पण नळाचं पाणी तसंच वापरू नका. २०११ साली अमेरिकेत लुइझियाना राज्यात नेतीसाठी नळाचं पाणी वापरलेली दोन माणसं नेग्लेरिया नावाच्या अमीबामुळे दगावली. असं फार क्वचित होतं, पण टाळणं आपल्या हातात आहे. डिस्टिल्ड पाणी घ्या, नाहीतर तीन ते पाच मिनिटं खळखळून उकळून कोमट केलेलं. नेतीचं भांडंही स्वच्छ धुऊन वाळवा.

तिसरा, स्टिरॉइडचा स्प्रे. नाव ऐकून दचकू नका. हा नाकातली सूज उतरवतो, पण एका रात्रीत नाही. पूर्ण गुण यायला एकदोन आठवडे लागतात. आमच्या ह्यांनी तीन दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडला होता! मारताना नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे नको, कानाच्या दिशेला हवं, नाहीतर रक्त येतं. वसंतातले झाडांचे पराग आणि ऑगस्ट-सप्टेंबरातलं रॅगवीड ज्यांना सोसत नाही, त्यांनी अ‍ॅलर्जीच्या गोळीबद्दलही डॉक्टरांना विचारावं.

चौथा उपाय नव्हे, धोक्याची सूचना. भारतातून येताना आपल्या बॅगेत मेतकूट, भाजणी यांच्या जोडीला ऑट्रिव्हिन किंवा नासिव्हिऑनच्या बाटल्या असतातच. दोन मिनिटांत नाक मोकळं! सर्दीत तीन दिवस ठीक. पुढे रोज घातलं तर औषध उतरताच नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस त्या बाटलीचा गुलाम होतो. ह्यांच्या उशीखाली मला अशा दोन बाटल्या सापडल्या. नाक मोकळं करणाऱ्या ज्या गोळ्यांमध्ये सुडोएफेड्रिन असतं, त्यांनी रक्तदाब वाढतो आणि झोप उडते. ब्लड प्रेशर असलेल्यांनी त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

पाचवा, मास्क. झोपेत तोंड उघडत असेल तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क बघा. निदान सर्दीच्या दिवसांसाठी एक जवळ असावा. मास्क रोज पुसा, नळी आणि टाकी आठवड्याला साबणाने धुवा, हवेचा फिल्टर वेळेवर बदला. आणि हो, बेडरूममध्ये उदबत्ती नको. फोडणीचा धूर नाकाला झोंबतो, तसा तोही झोंबतो.

एवढं करूनही एकच बाजू कायम बंद, वारंवार रक्त, ताप किंवा चेहरा ठणकणं असेल तर मात्र घरगुती उपाय बास. पडदा वाकडा असेल, आत मांसाचा कोंब असेल, ते ईएनटी डॉक्टरच सांगणार. त्यांची तारीख मिळेपर्यंत इथे ऋतू बदलतो, तेव्हा रेफरल लवकर मागा.

खर्चाचं थोडं. ओंटारिओत असिस्टिव्ह डिव्हायसेस प्रोग्राम यंत्राच्या ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्के भरतो, पण पुढचे मास्क, नळ्या, फिल्टर आपल्या खिशातून किंवा नोकरीच्या विम्यातून. इतर प्रांतांचे नियम वेगळे आहेत, ते विचारून घ्यावेत.

आमचं यंत्र मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कपाटाबाहेर आलं. दोन आठवडे कुरकुर झाली, बाटल्या मी कचऱ्यात टाकल्या त्यावरून एक भांडणही झालं. आता यंत्र रोज सकाळी आकडा दाखवतं : ३४ चा ३ झाला आहे. गेल्या महिन्यात ह्यांचा अठ्ठावन्नावा वाढदिवस झाला. त्या रात्री मला झोप लागली नाही. उठून बसले आणि बराच वेळ नुसती ती हवेची बारीक सळसळ ऐकत राहिले. मोजायला काही नव्हतं.

तुमच्यापैकी कोणाकोणाच्या कपाटात यंत्र आहे ते मला माहीत आहे, कारण गणपतीच्या जेवणात तुम्हीच हळूच सांगितलंत! त्यांना एवढंच म्हणते, यंत्राला दोष देण्याआधी महिनाभर नाकाकडे बघा. आणि घोरणाऱ्याच्या शेजारी जागणाऱ्यांनो, तुमचं ऐकणं हीच रोगाची पहिली तपासणी असते. डॉक्टरांकडे सोबत जा आणि काय ऐकता ते सांगा. ज्याला होतं, त्याला त्यातलं काही ठाऊक नसतं.

बाकी पुढच्या अंकी. कळावे, लोभ असावा.