महिनाभराचे चिनी

पिंपळफाट्यावरच्या टपरीवर चीनचा विषय निघाला की दोन मते ठरलेली असतात. एक, ‘चायना माल, चले तो चाँद तक, नहीं तो शाम तक.’ दुसरे, पोराला नीटमध्ये मार्क कमी पडले तर चीनमध्ये एमबीबीएस स्वस्तात होते. बऱ्याचदा ही दोन्ही मते एकाच माणसाची असतात, आणि त्यात काही विसंगती आहे असे त्याला वाटत नाही. पण रेणापूरची एखादी बी.ए.ची मुलगी म्हणाली की महिनाभर चीनच्या विद्यापीठात राहून मी तिथली भाषा आणि संस्कृती शिकणार, तर सगळे तिच्यावर तुटून पडतील. त्यांचे आक्षेप एकेक करून तपासायला हवेत, कारण त्यातला एक खरा आहे.

खरा आक्षेप असा, की महिनाभरात भाषा येत नसते. अगदी मान्य. चिनी वर्तमानपत्र वाचायचे तर दोन-अडीच हजार अक्षरचिन्हे ओळखता यावी लागतात. महिन्याभरात शे-दीडशे पक्की झाली तरी पुष्कळ. ‘चार आठवड्यांत चिनी बोला’ अशी जाहिरात करणारा खोटे बोलतो. सकाळी भाषेचा तास, दुपारी कुंचल्याने सुलेखन, संध्याकाळी ताइची आणि रविवारी चिनी भिंत, एवढ्यावर कोरी पाटी घेऊन गेलेला विद्यार्थी फोटो घेऊन परत येतो. ती सहलच.

पण यातून ‘जाऊच नये’ असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो एवढाच, की तयारी करून जावे. आधी सहा महिने-वर्षभर घरी शिकावे, एचएसके या चिनी भाषेच्या सरकारी परीक्षेची पहिली-दुसरी पातळी ओलांडावी आणि मग महिनाभर तिथे राहावे. चिनीत एकाच अक्षराचा सूर बदलला की अर्थ बदलतो, आणि असे चार सूर आहेत. ॲपवर आपला सूर बरोबरच वाटतो. भाजीवाली बाई तोंडाकडे नुसती बघत राहते तेव्हा तो चुकल्याचे कळते. ही दुरुस्ती लातूरच्या खोलीत बसून होत नाही.

‘आपल्या पोरांच्या जिभेला ते वळणार नाही’ ही भीती तर निराधार आहे. रोमन लिपीतून चिनी शिकणारे इंग्रज-अमेरिकी विद्यार्थी जिथे अडखळतात, तिथे मराठी पोर सहज जाते. चिनीत ‘क’ आणि ‘ख’, ‘त’ आणि ‘थ’, ‘प’ आणि ओठ मिटून उच्चारलेला जुना ‘फ’ यांनी शब्द बदलतो. हे आपण बालवाडीतच घोकलेले असते. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळा, हे आपल्याला कुणी शिकवलेले नाही, चिनीतही असे दोन च आहेत. सुरांवर मात्र मेहनत घ्यावीच लागते.

‘मोबाइल भाषांतर करतो की,’ असे म्हणणाऱ्यांसाठी एवढेच, की गुगलच्या सेवा चीनमध्ये बंद आहेत.

पुढचा आक्षेप भावनेचा आहे, म्हणून तो सांभाळून हाताळतो. १५ जून २०२०च्या रात्री गलवानमध्ये आपले २० जवान गेले. मराठवाड्यातली पोरे पहाटे उठून भरतीसाठी पळतात; त्यांच्यासमोर चीनचे गोडवे गाणे मला जमणार नाही. पण ‘शत्रूची भाषा कशाला’ हा प्रश्न सैन्याला विचारून पाहा. सैन्य स्वतः जवानांना चिनी शिकवते, आणि प्रादेशिक सेनेने चिनी जाणणारे दुभाषे भरती केले आहेत. उलट, त्याच २०२०च्या जुलैत आलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळांसाठी सुचवलेल्या परकीय भाषांच्या यादीत कोरियन, जपानी, थाई आहेत, चिनी नाही. २०१९च्या मसुद्यात ती होती. यादीतून नाव खोडल्याने सीमा लांब जात नाही. आणि सीमा सोडाच, इथले बघा. रेणा नदीकाठी पेरले जाणारे सोयाबीन हे मूळचे चीनचे पीक. आज जगात सर्वांत जास्त सोयाबीन विकत घेणाराही तोच. तिथून डीएपी खताची निर्यात आवळली गेली की इथे पेरणीच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रापुढे रांग लागते. फवारणीच्या बॅटरी पंपाच्या खोक्यावर काय छापले आहे ते विकणाऱ्यालाही वाचता येत नाही. इतका व्यवहार ज्याच्याशी, त्याची भाषा जाणणारा माणूस तालुक्यात एकही नसावा, यात कसली देशभक्ती?

आता मूळ मुद्द्यावर येतो. महिनाभराच्या वर्गाला ‘पैशाचा चुराडा’ म्हणणारा पालकच पोराला पाच-सहा वर्षांसाठी चीनला पाठवतो, तेही चिनीचे एक अक्षर न शिकवता, कारण एजंटाने सांगितलेले असते की शिकवणे इंग्रजीत आहे. वर्गात असेलही, पण वॉर्डातला म्हातारा आपली पोटदुखी चिनीतच सांगणार. बीजिंगमधल्या भारतीय दूतावासाने सप्टेंबर २०२२मध्ये पालकांना उद्देशून काढलेली सूचना मराठवाड्यातल्या प्रत्येक क्लासच्या भिंतीवर लावायला हवी. २०१५ ते २०२१ या काळात चीनमध्ये शिकून आलेल्या ४०,४१७ जणांनी भारतातली पात्रता परीक्षा दिली आणि ६,३८७ उत्तीर्ण झाले. म्हणजे शंभरात सोळा. कारणे अनेक असतील. पण रुग्णांशी बोलण्यासाठी एचएसकेची चौथी पातळी लागेल, असेही त्याच सूचनेत बजावले होते. लाखो रुपये भरण्याआधी महिनाभर तिथे राहणे, मेसचे जेवण, थंडी, भाषा, अध्यापक सारे पारखून घेणे, ही उधळपट्टी नव्हे. आपण बैलसुद्धा चालवून बघितल्याशिवाय घेत नव्हतो.

इथे कुणी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे उदाहरण माझ्यावरच उलटवेल. सोलापूरचा हा तरुण १९३८मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेला. जाण्याआधी त्याने कुठला वर्ग केला होता? कुठलाच नाही, तरी तो चिनीतून वैद्यक शिकवू लागला आणि बेथ्यून रुग्णालयाचा प्रमुख झाला. खरे आहे. पण तो भारतीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात डाळ शिजवत राहिला नव्हता. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या सैनिकांत, खेड्यापाड्यांत, ९ डिसेंबर १९४२ला बत्तिसाव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत तो चिन्यांमध्येच राहिला. लोकांत मिसळल्याशिवाय भाषा येत नाही, हेच त्याच्या आयुष्यातून सिद्ध होते.

यजमान आपली चांगलीच बाजू दाखवणार, हेही गृहीत धरून जावे. तिबेट आणि शिनजियांग यांवर त्या वर्गात मोकळी चर्चा होणार नाही. पण पाटी वाचता येणारा विद्यार्थी न दाखवलेलेही थोडे पाहतो. आंधळ्या कौतुकावर आणि आंधळ्या द्वेषावर मला तरी दुसरा उतारा दिसत नाही.

२६ ऑक्टोबर २०२५पासून कोलकाता-ग्वांगचौ थेट विमान पुन्हा सुरू झाले आहे, म्हणजे चीनच्या एमबीबीएसचे एजंटही पुन्हा गावोगाव फिरणार. पालकहो, त्यांच्या हातावर पहिला हप्ता ठेवण्याआधी एवढेच विचारा : माझ्या पोराला वॉर्डातल्या रुग्णाशी बोलायला कोण शिकवणार, आणि कधीपासून?