डबलसीटचा विमा कुठे आहे?



नायगावचा बाजार असो की दवाखाना, आपण डबलसीटच जातो. मागे कारभारीण, नाहीतर म्हातारी आई. विमा भरला म्हणजे तीही सुरक्षित, असा आपला समज. तो खोटा आहे. नुसता 'थर्ड पार्टी' विमा असेल आणि गाडी आपल्याच चुकीने घसरली, तर मागच्या माणसाच्या भरपाईला कंपनी हात वर करते. २००६ साली तिलकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकालही तसाच लागला.

१९८८ चा मोटार वाहन कायदा मागे एक माणूस बसवू देतो. मग सक्तीच्या विम्यात त्याला जागा का नाही? हप्ता सक्तीचा, संरक्षण अर्धे! ही मागणी लावून धरू. तोवर थोडा जादा हप्ता भरून मागच्याचाही विमा पॉलिसीत लिहून घ्या.