तात्या विंचू नक्कल? बरं, मग?

परवा आमच्या धुळ्याच्या मावसभावानं फोनवर पिंक टाकली. म्हणे, "'झपाटलेला' म्हणजे 'चाइल्ड्स प्ले'ची झेरॉक्स. कसलं कौतुक करतो रे भो?" तो बोलून मोकळा झाला, झोप माझी उडाली. त्याच रात्री जालावर दोन्ही सिनेमे शोधले आणि लागोपाठ पाहिले. आधी १९८८चा चकी, मग १९९३चा आपला तात्या.

उचललंय, हे कबूलच. मरता मरता खुनी मंत्र म्हणतो आणि बाहुल्यात शिरतो. पुढे सुटका हवी तर ज्याला पहिल्यांदा गुपित सांगितलं, त्याच्याच शरीरात शिरायचं. सगळं तिकडचं.

पण चकी हे दुकानातलं खेळणं. ते येतं सहा वर्षांच्या पोराकडे. महेश कोठारेंनी बाहुला दिला लक्ष्याच्या हातात, आणि लक्ष्या आहे शब्दभ्रमकार! बाहुल्यांना बोलतं करणं हाच ज्याचा धंदा, तो शपथेवर सांगतोय की हा स्वतःहून बोलतो. कोण विश्वास ठेवणार? त्याची कलाच त्याला खोटं पाडते. लक्ष्मीकांत बेर्डेचा तो रडवेला, घामेजलेला चेहरा आता पाहताना हसू येतं आणि पोटात कालवतंही. लहानपणी फक्त हसू यायचं.

बरं, बाहुला तरी कोणाचा? रामदास पाध्येंचा. त्यांचे वडील य. के. पाध्ये, अर्धवटरावांचे जन्मदाते. जालावर अर्धवटराव आणि आवडाबाईंच्या जुन्या चित्रफिती पडून आहेत, त्या पाहा आणि मग तात्याकडे पाहा. तोच वटारलेला डोळा, तोच आगाऊपणा. अर्धवटरावांचा वाया गेलेला चुलतभाऊ वाटतो. हा काय अमेरिकेतून आला?

आणि नाव! जळगावात काय, धुळ्यात काय, गल्लीगणिक एक तात्या असतो. लग्नपत्रिकेत त्याचं नाव छापावं लागतं. अशा घरच्या नावाला विंचू जोडला आणि दिलीप प्रभावळकरांनी त्यात विष भरलं. घरातलाच कोणी वडीलधारा उलटल्यासारखी भीती चकीच्या नावात कुठली?

माझा राग वेगळाच आहे. जालावर मला मिळालेली प्रत रंग उडालेली, कोपऱ्यात कोणाचा तरी शिक्का. एकदा "नक्कल" म्हटलं की चांगली प्रत शोधायचे, जपायचे कष्ट कोण घेणार? १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'चासुद्धा आपल्याकडे तुकडाच उरलाय. बेर्डे २००४ सालीच गेले. आता पडद्यावर आहेत तेवढेच ते शिल्लक. असो.

झेरॉक्सवाल्या बंधूराजांना एक आठवण. मावशीकडे भाड्यानं व्हीसीआर आणला होता, ऐन शेवटाला लाइट गेली. मावशी स्वयंपाकघरातून ओरडली, "काय देखी ऱ्हायनात रे पोरंहो?" उत्तर द्यायला तुमच्या तोंडातून आवाज फुटत नव्हता. त्या रात्री अंगणापलीकडच्या संडासापर्यंत कंदील घेऊन तुमच्यासोबत कोण आलं होतं, आणि दाराबाहेर उभं राहून मोठ्यानं पाढे कोणाला म्हणावे लागले होते, हे वहिनींना सांगू का?