गंजलेल्या बाईकला ठोक भाव सांगू नका



जुन्या बाईक पुन्हा उभ्या करून देण्याच्या धंद्यावर व्हिडिओ टाकला, तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "सर, एका येझदीचे किती घ्यायचे?" माझं उत्तर सरळ आहे आणि ते बऱ्याच जणांना आवडणार नाही. गाडी उघडून बघेपर्यंत आकडा सांगायचा नाही.

माझं ऑटो स्पेअरचं दुकान आहे. बेअरिंग, ऑइल सील, पिस्टन किट, केबल हे न्यायला रोज मिस्त्री लोक काउंटरवर येतात. त्यांच्यात असे काही आहेत की, नुसता आवाज ऐकून इंजिनातलं दुखणं सांगतील. पण हेच लोक रिस्टोरेशनच्या कामात तोटा खाताना दिसतात. कामात ते कुठेच कमी नाहीत. चूक होते ती भाव सांगताना, आणि आजचा विषय तोच आहे.

मागणी खरी आहे

आधी हे मान्य करू की हा धंदा हवेतला नाही. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून आधी जावा आणि १९७३ पासून येझदी नावाच्या गाड्या निघाल्या. १९९६ मध्ये तो कारखाना बंद झाला. यामाहाची आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ एवढीच बनली. राजदूत, जुनी बुलेट यांचंही वेड कमी नाही. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये नव्या गाड्यांवर परत आलं, ते उगाच नाही. लोकांच्या मनातून ही नावं गेलेलीच नव्हती.

आता तुमचं गिऱ्हाईक कोण? बहुतेक वेळा चाळिशीतला माणूस. वडिलांची गाडी गावाकडं गोठ्यात नाहीतर माडीखाली वीस वर्षं उभी आहे. टाकीवर कोंबड्या बसतात. त्याला ती गाडी पुन्हा चालू झालेली बघायची आहे. तो पैशाला मागं सरत नाही, पण एकदा विश्वास उडाला की चार गावांत सांगतो. या धंद्यात काय कमवाल आणि काय गमवाल, ते या माणसावर ठरतं.

गंज वरून दिसतो तेवढाच नसतो

चालू गाडीची सर्व्हिसिंग आणि गंजलेल्या गाडीचं रिस्टोरेशन यात मोठा फरक आहे. सर्व्हिसिंगमध्ये काय निघेल याचा साधारण अंदाज असतो. गंजलेल्या गाडीत निम्मा खर्च झाकलेला असतो.

टाकी बाहेरून ठीक दिसते, पण आतला गंज काढला की सुईच्या टोकाएवढी भोकं उघडी पडतात. तोवर गंजानंच ती बुजवून ठेवलेली असतात. रिम वरून पुसली की चमकते, पण स्पोकच्या निपलपाशी पत्रा कुजलेला असतो. टू-स्ट्रोक इंजिन असेल तर क्रँकचे ऑइल सील वाळून कडक झालेले असतात. पिस्टन सिलेंडरमध्ये धरलेला असतो. बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन बसेल की आधीच शेवटचं माप होऊन गेलंय, हे हेड आणि ब्लॉक काढल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळत नाही. जुन्या जावा-येझदीची वायरिंग ६ व्होल्टची. तिचं वरचं आवरण हात लावला की भुगा होतं.

आता हिशोब करू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावात वेगळे असतील.

समजा तुम्ही ६०,००० ठोक सांगितले. त्यात माल २५,०००, बाहेरची कामं म्हणजे बोअरिंग, क्रोम, रंग १७,०००, आणि तुमची मजुरी १८,०००. गाडी उघडली. टाकीचे २,००० वाढले, क्रँकचं किट आणि बेअरिंगचे ५,५००, एका रिमचे आणि स्पोकचे ४,०००, वायरिंगचे २,५००. एकूण १४,००० वाढले. हे कुठून जाणार? तुमच्या मजुरीतून. हातात राहिले ४,०००.

आता दुसरा आकडा. गाळ्याचं भाडं ६,०००, लाइट बिल १,५००, पोऱ्याचा पगार १२,०००, तुमच्या घरखर्चाचे २५,०००, किरकोळ ३,०००. महिन्याला झाले ४७,५००. कामाचे २५ दिवस धरले तर तुमच्या गॅरेजचा एक दिवस १,९०० रुपयांना पडतो. म्हणजे ते ४,००० रुपये जेमतेम दोन दिवसांचे. आणि गाडी तीन महिने जागा अडवून बसलेली! अहो, मूळचे १८,००० धरले तरी साडेनऊ दिवसच होतात. साडेनऊ दिवसांत कुठली गाडी नवी होते?

इथं मिस्त्रीसमोर दोनच वाटा उरतात. एक, तोटा सोसायचा. दोन, काम मारायचं. जुनंच बेअरिंग ग्रीस भरून परत बसवायचं, कुजलेली रिम घासून रंगवायची, ब्रेक शू आहेत तेच ठेवायचे. गाडी फोटोत झकास दिसते. पण तिच्यावर कोण बसणार आहे? तोच माणूस, कदाचित मागं त्याची मुलगी. म्हणून मी म्हणतो, ठोक भाव नुसता तोट्याचा नाही, धोक्याचाही आहे. चांगल्या माणसाला तो वाईट काम करायला लावतो.

मग करायचं काय? टप्पे पाडा

प्रत्येक टप्प्याचा भाव वेगळा. प्रत्येक टप्प्यानंतर गिऱ्हाईकाला थांबायची मोकळीक.

टप्पा १, कागद. हात काळे करायच्या आधी आरसी बघा. चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर आहेत का, आरसीशी जुळतात का, ते तपासा. पेन्सिलनं कागदावर छाप घ्या. आरसी कोणाच्या नावावर आहे? वडील वारले असतील तर वारसाच्या नावावर करून घ्यायला सांगा. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, पुढं फिटनेस तपासून ५-५ वर्षांनी नूतनीकरण होतं. ते राहिलंय का? कागद नसलेल्या गाडीवर लाखभर घालून शेवटी ती अंगणातच ठेवायची असेल, तर हे गिऱ्हाईकाला पहिल्या दिवशी कळलं पाहिजे.

टप्पा २, उघडणं. याचे पैसे घ्यायचे. फुकट नाही! दोन दिवस लागणार असतील तर वरच्या हिशोबानं ३,८००. पिस्टन धरला असेल तर किकवर उभं राहून उड्या मारू नका. प्लग काढा, सिलेंडरमध्ये तेल सोडा, दोन-चार दिवस मुरू द्या. उघडताना प्रत्येक भागाचा फोटो, प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी. शेवटी तीन रकान्यांची यादी करा: चालेल, दुरुस्त होईल, नवीन लागेल. ही यादी गिऱ्हाईकासमोर ठेवा आणि आता आकडा बोला. आता तो आकडा अंदाज नाही, मोजलेला आहे.

टप्पा ३, इंजिन. टप्पा ४, चॅसिस, चाकं, ब्रेक, टाकी. टाकीला डाग द्यायचा असेल तर एक लक्षात ठेवा, रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते. नीट धुतल्याशिवाय आणि माहीतगार माणसाशिवाय तिच्याजवळ आग नेऊ नका.

टप्पा ५, रंग आणि क्रोम. हे शेवटी. आधी गाडी बिनरंगाची पूर्ण जोडायची, चालवून बघायची, मगच परत उघडून रंगाला द्यायची. एखादा ब्रॅकेट बसेना, भोक मोठं करावं लागलं, वेल्डिंग करावं लागलं, तर ते रंगाआधी कळतं. बाजारात नेमकं उलटं चालतं. गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून पहिल्याच महिन्यात टाकी रंगवून तिचा फोटो पाठवतात, त्यावर पुढचा ॲडव्हान्स घेतात आणि इंजिन तसंच पडून राहतं. मित्रांनो, रंगावर ॲडव्हान्स मागणारा मिस्त्री स्वतःच अडकणार आहे.

तुम्ही लेथ घेऊ नका, वही घ्या

अनेकांना वाटतं, या धंद्याला मोठी मशिनरी लागते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकदा चक्कर मारा. टर्नर वेगळा, बोअरिंगवाला वेगळा, प्लेटिंगवाला वेगळा. जवळपास सगळं काम चालत जायच्या अंतरात होतं. तुमच्या शहरातही थोड्याफार फरकानं असंच असेल. त्यामुळे रिस्टोरेशनवाल्याचं खरं काम म्हणजे पाच कारागिरांची कामं वेळेवर आणि मापात जुळवून आणणं.

त्यासाठी जॉब कार्ड लागतं. कुठला पार्ट कोणाकडं, कधी दिला, किती नग, कधी येणार. क्रोमला ४२ नग गेले आणि ४० आले, तर उरलेले दोन कुठं शोधणार? बंद झालेल्या गाडीचा पार्ट हरवला की तो दुकानात मागून मिळेलच असं नाही, हे मी दुकानदार म्हणून सांगतोय. देताना फोटो, घेताना मोजणी. एवढी शिस्त असेल तर भाड्याच्या एका गाळ्यातसुद्धा हा धंदा उभा राहतो.

कस्टम करा, पण कापू नका

आता तरुण मुलांचा आवडता विषय. कॅफे रेसर, बॉबर, जाड टायर, मागचं मडगार्ड छाटलेलं. मला स्वतःला चांगली कस्टम गाडी बघायला आवडते. पण धंदा म्हणून माझं मत ठाम आहे. जे बोल्टनं लावता येतं आणि बोल्ट काढून परत पूर्वीसारखं करता येतं, तेच करा. हँडल, सीट, लाइट, आरसे यांत बरंच काही होतं. काढलेले मूळ पार्ट खोक्यात भरून गिऱ्हाईकाला परत द्या.

चॅसिस कापायच्या फंदात पडू नका. पहिलं कारण कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलाशी गाडी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. रंगसुद्धा आरसीवर लिहिलेला असतो, म्हणून तो बदलायच्या आधी नोंदीचं आरटीओत विचारून घ्या. फटाके फोडणारे सायलेन्सर पोलीस काढून घेतात आणि रोडरोलरखाली घालतात, हे तर तुम्ही बघितलंच असेल.

दुसरं कारण पैशाचं. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली अशा ठरावीक कामांसाठीच ती रस्त्यावर आणायची. पण यातली मुख्य अट काय? गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस-बॉडी-इंजिनात मोठा फेरबदल नको. म्हणजे आज तुम्ही हौसेनं जी चॅसिस कापाल, तिच्यासाठी हा दरवाजा कायमचा बंद. मूळ गाडीची कस्टम कधीही करता येते. कापलेल्या गाडीची मूळ गाडी होत नाही.

"पण सर, गिऱ्हाईक पळून जाईल ना!"

हा आक्षेप मला माहीत आहे. पुढच्या चौकातला माणूस ५०,००० ठोक सांगतो आणि तुम्ही म्हणताय, आधी ३,८०० द्या, मग सांगतो. काही गिऱ्हाईकं जातील, जाऊ द्या. ज्याला फक्त स्वस्त हवंय, त्याचं काम तुम्हाला परवडणारच नव्हतं.

जो थांबेल, त्याला एक वाक्य सांगा. "साहेब, उघडून बघितल्यावर तुम्हाला वाटलं, नको, तर यादी आणि गाडी घेऊन जा. पुढचं काही देणं लागणार नाही." ठोक भाववाला हे बोलू शकत नाही, कारण त्याला पूर्ण गाडीचा ॲडव्हान्स धरून ठेवायचा असतो. थांबायची मोकळीक दिली की माणूस थांबत नाही, निर्धास्त होतो. आणि खरंच थांबला, तरी तुमचे दोन दिवस वसूल झालेले असतात.

नवशिक्यांनी पहिल्याच वर्षी भंगारातून गाड्या विकत घेऊन, तयार करून विकायचा मार्गही धरू नये असं मला वाटतं. भांडवल अडकतं, नाव ट्रान्सफरची कटकट मागं लागते. आधी लोकांच्या गाड्या करा. हात बसू द्या, पाच कारागीर पारखून घ्या.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या गॅरेजचा एक दिवस किती रुपयांना पडतो, तो आकडा काढा. भाडं, लाइट, पगार, घरखर्च, भागिले कामाचे दिवस. तो आकडा काउंटरमागं, तुम्हाला दिसेल असा चिकटवा. पुढच्या वेळी कोणी फोनवर विचारलं, "मिस्त्री, वडिलांची येझदी आहे, किती होतील?" तर उत्तर देण्याआधी त्या आकड्याकडं बघा आणि म्हणा, "घेऊन या दादा, आधी उघडून बघू."