संगणकाच्या पोटात : बिल्ले संपले तर?

दोस्तांनो, दवाखान्यात कंपाउंडरकाका नंबराचा बिल्ला देतात ना? काम झालं की बिल्ला परत, मग तोच दुसऱ्या कुणाला. संगणकातही असाच कारभार चालतो, बरं का! चालू झालेल्या प्रत्येक कामाला एक नंबर मिळतो. तो देतो कर्नल, म्हणजे संगणकाची सगळी व्यवस्था पाहणारा मूळ प्रोग्रॅम. (सैन्यातल्या कर्नलशी याचं नातं नाही हं!)

फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली 'लिनक्स' नावाचा कर्नल लिहायला घेतला. २००१ साली त्याची २.४ ही आवृत्ती आली. तिच्यात नंबर होते ३२७६७ पर्यंत. ते संपले की गाडी पुन्हा ३०० वर. ३०० दिलेला असेल तर ३०१, तोही दिलेला असेल तर ३०२...

पण सगळेच दिलेले असतील तर? घोळ इथेच होता. कर्नल गोल गोल फिरत शोधतच राहायचा! तुम्ही म्हणाल, फिरू दे की, कुणीतरी बिल्ला परत करेलच. खरी मेख तिथेच आहे. शोधताना यादी मध्येच बदलू नये म्हणून कर्नल तिला कुलूप लावतो. ज्याचं काम संपलं, त्याला यादीतून नाव काढायचं असतं, पण कुलूप! नंबर सुटत नाही म्हणून शोध थांबत नाही, आणि शोध थांबत नाही म्हणून नंबर सुटत नाही. संगणक ठप्प!

एवढे नंबर संपतील कसे? अहो, कामांचे गटही असतात. गटाला त्याच्या पहिल्या कामाचाच नंबर. ते काम संपलं, तरी गटातलं एक जरी काम चालू असेल तर तो नंबर अडकलेलाच.

दुरुस्ती मात्र थोड्याच ओळींची. शोध कुठून सुरू केला तो नंबर आधी लक्षात ठेवायचा. फिरून तिथेच आलो, की कुलूप काढायचं आणि सरळ सांगायचं, 'नंबर शिल्लक नाही.' नवं काम सुरू होत नाही, पण आधीची सगळी सुखरूप! प्रोग्रॅम लिहिताना 'नाही' म्हणायची सोय ठेवायला भलेभले विसरतात. मीही विसरलो आहे, एकदा नव्हे, अनेकदा.

आता तुमच्यासाठी कोडं. समजा, शोध २५० पासून सुरू झाला आणि पुढचे सगळे नंबर भरलेले निघाले. मग ही युक्ती चालेल का? कागदावर गोल काढून बघा. उत्तर पुढच्या अंकात!